राजवाडे पाहिले, पण ईम विसरत नाही

लेकीच्या बाळंतपणासाठी २०२४च्या मे महिन्यात मी इंग्लंडला गेले. बॅगेत मेथीचे लाडू, डिंक, बाळंतशोपा, काळा मसाला आणि सगळ्यात खाली ताईने शिवायला घेतलेली गोधडी. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. २०२१च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेली. गोधडी निम्मी शिवून झाली होती. उरलेली मी शिवणार म्हणून घेतली खरी, पण तीन वर्षांत एक टाकाही घातला नव्हता. म्हटलं, नातीच्या निमित्ताने होईल.

लेक राहते डार्बी शहरात. जावई विमानाच्या इंजिनांच्या कारखान्यात आहेत. लंडनपासून उत्तरेला रेल्वेने साधारण दीड तासाचा रस्ता. डार्बी ज्या परगण्यात येतं तो डार्बीशर. आपल्याकडे जिल्हा म्हणतो तसा तिकडे परगणा. लंडनचा पूल आणि राणीचा राजवाडा सगळ्यांनाच ठाऊक असतो, डार्बीशरचं नाव मीही लेक तिकडे गेल्यावरच ऐकलं. सव्वा महिना झाला, बाळ-बाळंतीण सुखरूप, तेव्हा जावई म्हणाले, "आई, तुम्ही काय फक्त लंगोट धुवायला आलात? चला, दर रविवारी एक ठिकाण बघू." लंगोट तिकडे कोणी धुवत नाही, फेकून देतात, ती गोष्ट वेगळी.

पहिला रविवार चॅट्सवर्थचा. ड्यूक ऑफ डेव्हनशर यांच्या घराण्याचा हा वाडा. वाडा कसला, राजमहालच. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या २००५च्या सिनेमात नायकाचं घर म्हणून हाच दाखवला आहे. रंगवलेली छतं, पुतळे, डोंगरउतारावरून पायऱ्यापायऱ्यांनी खाली येणारं पाणी, मैलोगणती बाग. खरं सांगू? दोन तासांत माझे डोळे थकले. इतकी श्रीमंती एकदम बघितली की जीभ गोड खाऊन खाऊन बधिर होते तसं होतं.

पण बागेत एक गोष्ट कळली आणि मी ताठ झाले. आम्ही रावेर तालुक्यातले, केळीवाले. घरात तीन पिढ्या केळीच. १८३०च्या दशकात इथल्या सहाव्या ड्यूकचा बागप्रमुख जोसेफ पॅक्स्टन याने काचेच्या उबदार घरात केळीचं झाड वाढवलं. वाण मूळचं चीनकडचं, मॉरिशसमार्गे इंग्लंडात आलेलं. त्याला केळी लागली आणि मालकाच्या आडनावावरून वाणाला नाव मिळालं, कॅव्हेंडिश. आज जगाच्या बाजारात निर्यात होणारी बहुतेक केळी या कॅव्हेंडिश गटातली. आपली बसराई त्यातलीच आणि आता सगळे लावतात ती ग्रँड नैनही त्यातलीच. आपली केळी इथून आली असा याचा अर्थ नाही, नाव तेवढं इथलं. तरी त्या थंड, पावसाळी बागेत उभं राहून मला रावेर स्टेशनवर भरल्या जाणाऱ्या केळीच्या वॅगनी आठवल्या. जावयांना म्हटलं, "हे आपले व्याही निघाले की!"

आता हे कॅव्हेंडिश आडनाव चॅट्सवर्थला आणलं कोणी? एका बाईने. तिच्यासाठी दुसऱ्या रविवारी आम्ही हार्डविक हॉलला गेलो. मैत्रिणींनो, डार्बीशरला कधी जायचा योग आला आणि एकच वाडा बघायला वेळ असला, तर चॅट्सवर्थ सोडा आणि हार्डविक बघा.

बाईचं नाव एलिझाबेथ, पण सगळे 'बेस ऑफ हार्डविक' म्हणतात. जन्म याच टेकडीवरच्या एका बेताच्या जमीनदार घरातला, १५२०च्या दशकातला. लहान वयात लग्न झालं आणि नवरा लगेच गेला. सासरचे विधवेचा वाटा देईनात. ही पोर कोर्टात गेली आणि भांडून वाटा घेतला. आपल्याकडच्या किती बायकांना हे ओळखीचं वाटेल! दुसरा नवरा सर विल्यम कॅव्हेंडिश, सरकारदरबारी वजन असलेला. त्याला तिने आपल्या माहेरच्या मुलखात जमीन घ्यायला लावली आणि १५४९ साली दोघांनी चॅट्सवर्थ विकत घेतलं. म्हणजे आमच्या केळीच्या नावामागे बेसच्या दुसऱ्या नवऱ्याचं आडनाव आहे. तोही गेला. तिसरा गेला. चौथा श्रूजबरीचा अर्ल, देशातल्या बड्या श्रीमंतांपैकी एक. (पुण्याची ती प्रसिद्ध बिस्किटं याच श्रूजबरी नावाची. आपण 'श्रूजबेरी' म्हणतो. बेसचा मात्र बिस्किटांशी संबंध नाही.)

या चौथ्या नवऱ्यावर पहिल्या एलिझाबेथ राणीने एक जोखीम टाकली. स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी हिला नजरकैदेत सांभाळायचं. एकदोन महिने नव्हे, जवळपास पंधरा वर्षं! खर्च यांचा, काळजी यांची. त्या काळात बेस आणि कैदेतली राणी एकत्र बसून भरतकाम करत. दोघींनी भरलेले कापडाचे तुकडे आजही नॉरफोक परगण्यातल्या एका वाड्यात जपून ठेवले आहेत. पुढे नवराबायकोचं इतकं बिनसलं की मिटवायला खुद्द राणीला मध्ये पडावं लागलं. १५९० साली नवरा वारला. बेस साठी ओलांडलेली. आपल्याकडे या वयात बाईला सगळे सांगतात, आता जपमाळ घे. हिने त्याच वर्षी नव्या वाड्याचा पाया घातला.

हार्डविक हॉल १५९७मध्ये राहण्याजोगा झाला. रॉबर्ट स्मिदसन या त्या वेळच्या नामांकित बांधकाम करणाऱ्याने आराखडा दिला, असं मानतात. काच तेव्हा अतिशय महाग. हिने भिंतींपेक्षा काचच जास्त लावली. मजले वर जातात तशा खिडक्या उंच होत जातात. सहा मनोरे आणि प्रत्येकाच्या माथ्यावर दगडात कोरलेली तिच्या नावाची अक्षरं, ई आणि एस, वर मुकुट. मोटारींच्या हमरस्त्यावरून जाताना लांबूनही वाडा दिसतो. आम्ही खाली पार्किंगमध्ये दशम्या आणि ठेचा खाल्ला आणि वर गेलो.

आत प्रत्येक दालनात एक म्हातारी बाई किंवा म्हातारे गृहस्थ बसलेले असतात. पगारी नव्हेत, हौसेने येणारे. विचारलं की हसून सगळं सांगतात. माझं इंग्रजी मोडकंतोडकं, पण कापडाच्या बाबतीत मला भाषेची गरज पडली नाही. हार्डविक म्हणजे कापडाचं घर आहे. वरच्या लांबच लांब सज्जात गिडिअन या बायबलमधल्या योद्ध्याच्या गोष्टीचे तेरा भव्य विणलेले पडदे आहेत. बेसने ते १५९२ साली दुसऱ्या एका सरदाराच्या वारसाकडून घेतले. त्यावर त्या घराण्याची चिन्हं होती. ती झाकून आपली रंगवावी लागणार म्हणून तिने किमतीत पाच पौंड कमी करून घेतले. मी खूश! साडीला डाग दिसला की आपण काय करतो? हे पडदे स्वच्छ करून, दुरुस्त करून पुन्हा लावायला अलीकडे चोवीस वर्षं लागली, २०२३ साली काम पुरं झालं. उजेडाने रंग उडू नयेत म्हणून दालनात पडदे ओढून अंधूक ठेवतात. पाच मिनिटं डोळे सरावू द्यायचे, मग हळूहळू घोडे, भाले, माणसं दिसू लागतात.

पण मी थांबले ती दुसऱ्याच कापडासमोर. इंग्लंडात मठ बंद पडले तेव्हा पाद्र्यांचे मखमलीचे, जरीचे झगे विकायला निघाले. काही बेसच्या घरात आले. तिने ते कापले आणि तुकडे जोडून मोठमोठी चित्रं करून घेतली, जुन्या काळातल्या थोर बायकांची. त्यात एक पेनेलोपी आहे. ग्रीक कथेतली राणी, नवरा वीस वर्षं परतला नाही तरी विणत विणत वाट बघणारी. तिच्या दोन बाजूंना दोन बायका, एक चिकाटी आणि दुसरी धीर. जवळून बघितलं तर सरळ दिसतं की हा तुकडा पदराचा, हा काठाचा. म्हणजे गोधडीच! जरीची, सरदारणीची, पण जुन्या कापडाला टाकून न देण्याची तीच खोड. ताईच्या गोधडीत आईचं नऊवारी आहे, माझ्या लग्नातला शालू आहे, भाच्याचा शाळेचा शर्ट आहे. त्या अंधाऱ्या दालनात माझा गळा दाटला. बाजूच्या म्हातारीने काही न विचारता खुर्ची पुढे केली.

बेस गेली १६०८च्या फेब्रुवारीत. थडगं डार्बीच्या कॅथीड्रलमध्ये आहे, लेकीच्या घरापासून बसने दहा मिनिटं. तेही तिने जिवंतपणीच सांगून करवून घेतलं होतं. हिशेबाच्या वह्या स्वतः तपासून सही करणारी बाई, मरणाचंही दुसऱ्यावर कसं सोडेल?

हॅडन हॉल म्हणून आणखी एक जुना वाडा आहे, सुंदर आहे, पण त्या दिवशी पाऊस इतका होता की आम्ही गाडीतूनच नमस्कार केला. बेकवेल गावात तिथलं प्रसिद्ध पुडिंग मिळतं. अंड्याशिवाय होत नाही, त्यामुळे मी वास घेतला, जावयांनी खाल्लं.

तिसऱ्या रविवारी क्रॉमफर्ड. हे बघायला सुंदर नाही, आणि म्हणूनच बघावं. डरवेंट नदीच्या खोऱ्यात रिचर्ड आर्कराइट नावाच्या माणसाने १७७१ साली पाण्याच्या जोरावर चालणारी सूतगिरणी उभी केली. मूळचा न्हावी, केसांचे टोप बनवणारा. अशी नीट चाललेली जगातली पहिलीच गिरणी ही. २००१पासून या खोऱ्यातल्या गिरण्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. इमारत किल्ल्यासारखी, रस्त्याच्या बाजूला खालच्या भिंतींना खिडक्या जवळजवळ नाहीतच. हातावर सूत कातणाऱ्यांचा राग या यंत्रांवर होता, त्यामुळे मालकाला भीती असणारच.

आत राबत कोण होतं? बहुतेक बायका आणि मुलं, सात-आठ वर्षांची पोरंही. बारा बारा तासांच्या पाळ्या, दिवसा आणि रात्री. मालक भरपूर मुलं असलेली कुटुंबं मुद्दाम बोलवून घ्यायचा आणि राहायला घरं बांधून द्यायचा. त्या घरांची नॉर्थ स्ट्रीट नावाची गल्ली अजून आहे. तीन मजली, सर्वांत वर माग चालवायला रुंद खिडक्या. गिरणीत बायको आणि पोरं, घरात वरच्या मजल्यावर मागावर नवरा. आता तिथे खिडक्यांत फुलझाडांच्या कुंड्या आहेत.

मी खानदेशची, आमच्या काळ्या रानात कापूस पिकतो. त्यामुळे ही गिरणी मला परकी वाटलीच नाही. याच यंत्राच्या लेकीनाती पुढे लँकेशायरभर झाल्या. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस थांबला, तेव्हा त्या गिरण्यांसाठी खानदेश-वऱ्हाडचा कापूस जहाजांनी गेला. चार वर्षं शेतकऱ्याच्या हातात पैसा खुळखुळला आणि युद्ध संपताच भाव कोसळले. कापसाच्या भावाने रडणं आपल्याकडे तेव्हापासूनचं. आमची आजी तकलीवर सूत काढायची. तिच्या तकलीचं काम एक चाक शेकड्यांनी करतं, हे तिथल्या एका चालू यंत्रावर दाखवत होते. आवाजाने लेकीची लेक रडायला लागली आणि आम्ही बाहेर आलो. सात वर्षांची पोर त्या आवाजात रात्रभर कशी जागत असेल, हा विचार काही डोक्यातून जाईना.

आता ईम. इंग्रजी अक्षरं वाचली तर 'आयम' वाटतं, म्हणायचं ईम. चॅट्सवर्थपासून मोटारीने वीसेक मिनिटं. लेक आधी नकोच म्हणत होती. "आई, ते प्लेगचं गाव आहे. तू रडशील." मी म्हटलं, "रडायचं असलं तर मला ईम लागत नाही."

घडलं ते असं. १६६५ साली लंडनमध्ये प्लेग होता. ईमच्या शिंप्याकडे लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. तो दमट होता म्हणून नोकराने शेकोटीपाशी वाळत घातला. कापडात पिसवा होत्या. ७ सप्टेंबरला तो नोकर, जॉर्ज विकर्स, मेला. मग त्याच घरातली मुलं, मग शेजारी. घर अजून आहे, दगडी, टुमदार, पुढे फुलझाडं. बाहेर हिरव्या पाटीवर कोण कोण गेलं ते लिहिलं आहे. घरधनीण मेरी वाचली, तिचे दोन मुलगे आणि नवरा गेले. लोक अजून त्या गल्लीत राहतात, दारात गाड्या उभ्या असतात.

१६६६च्या उन्हाळ्यात साथ पुन्हा भडकली, तेव्हा गावचा तरुण पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि त्याच्या आधीचा पाद्री टॉमस स्टॅन्ली या दोघांनी मिळून गावाला गळ घातली. गाव सोडायचं नाही, वेशीबाहेर कोणी जायचं नाही. नाहीतर रोग साऱ्या मुलखात पसरेल. प्रार्थना चर्चमध्ये नको, उघड्या ओढ्याकाठी, लांब लांब उभं राहून. ज्याचा माणूस त्याने आपल्याच शेतात, परसात पुरायचा. आजूबाजूच्या गावांनी वेशीवर अन्न आणून ठेवायचं, चॅट्सवर्थच्या अर्लनेही धान्य-औषध पाठवलं. पैसे वेशीच्या दगडातल्या भोकांत व्हिनेगर घालून त्यात ठेवायचे, म्हणजे त्यातून रोग जाणार नाही अशी समजूत. तो भोकांचा दगड अजून गवतात आहे. भोकांच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्यात. मी त्यात बोट घातलं.

आमची आजी प्लेगच्या गोष्टी सांगायची. आपल्याकडे उलट होतं. उंदीर पडला की गाव मोकळं करायचं आणि मळ्यात झोपड्या घालून राहायचं. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करताच १० मार्च १८९७ रोजी गेल्या, हे आपण शाळेत शिकलो. ईमच्या लोकांनी गाव सोडलं नाही. चौदा महिन्यांत २६० माणसं गेली असं तिथे सांगतात. सगळं ऐकायला थोर वाटतं, पण एक मला खटकलं. वेस बंद व्हायच्या आधी पाद्रीबाबांनी आपली दोन मुलं बाहेर पाठवली होती. काही पैसेवालेही आधीच निघून गेले होते. पाद्रीबाबांची बायको कॅथरीन मात्र मागे राहिली, आजाऱ्यांत वावरली आणि २५ ऑगस्टला गेली. वय सत्तावीस. तिची कबर चर्चच्या आवारात आहे. दर ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गाव त्या ओढ्याकाठी जमून प्रार्थना करतं.

गावापासून थोडं चढून गेलं की रायली नावाचं शेत लागतं. मोकळ्या माळावर दगडांचं गोल कुंपण आणि आत सात कबरी. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने १६६६च्या ऑगस्टमध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा लेकरं पुरली. एकटीने. तोंडाला फडकं बांधून, प्रेताच्या पायाला कापड बांधून ओढत नेलं, असं सांगतात. समोरच्या टेकडीवरून शेजारच्या गावातले लोक बघत उभे होते म्हणे. खाली कोणी आलं नाही. येताच आलं नसतं. बाई वाचली आणि शेफील्डला असलेल्या उरलेल्या मुलाकडे निघून गेली. तिची कबर इथे नाही.

लेक बाळाला घेऊन कुंपणाबाहेर थांबली होती. मी आत गवतावर बसले. मी त्या शेजारच्या गावातल्या लोकांसारखीच होते, हे तिथे कळलं. ताई जळगावला दवाखान्यात होती आणि मी चाळीस किलोमीटरवर घरात. ती पहाटे गेली. भाच्याने मला फोन केला तो दुपारी, सगळं उरकल्यावर. "मला का नाही कळवलंस? लांबून तरी बघितलं असतं," या एका वाक्यावर मी त्याच्याशी तीन वर्षं धरून होते. लग्नकार्यात बोलायचे, तेवढंच. त्याच्या बाजूने मी कधी बघितलंच नव्हतं. वय तेवीस, बाप आधीच गेलेला.

संध्याकाळी सहाला घरी आलो. भारतात साडेदहा झालेले. फोन लावला.

"मावशी? एवढ्या रात्री? सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे रे. एक विचारायचं होतं. त्या दिवशी तिथे तू एकटाच होतास का?"

बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, "नगरपालिकेची दोन माणसं होती, किट घातलेली. मी होतो. आईचं तोंड बघायला मिळालं नाही, पिशवी बांधलेली होती. तुला कळवलं असतं तर तू आली असतीस, मावशी. तुला शुगर. मला आणखी एक पिशवी बघायची नव्हती."

पाऊण तास तो बोलत होता. मी हूं हूं करत होते. मांडीवर ताईची गोधडी होती, शाळेच्या शर्टाच्या तुकड्यापाशी मी सुई ओवून बसले होते. लेकीने दोनदा चहा गरम करून दिला, दोन्ही वेळा गार झाला.

शेवटी त्याने नाक ओढलं आणि विचारलं, "मावशी, तिकडे केळी काय भावाने मिळतात गं?" मी लेकीला विचारून किलोचा भाव रुपयांत करून सांगितला. त्याच आठवड्यात त्याने त्याची केळी व्यापाऱ्याला दिली होती. क्षणभर गप्प झाला आणि मग त्याने जी शिवी हासडली, ती काही इथे छापता यायची नाही.